पुस्तकांचं रिकामं कपाट

१८ नोव्हेंबर १९८६, पांढुर्णा

आज सौंसरला सुमनताईंच्या घरी गेलो होतो. त्या तिथं शाळेत शिकवतात. दिवाळीआधी मीच त्यांना पुस्तकांचं कपाट करून दिलं. वरून सागाचं विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, आत लाकडाच्या भुशाचा बोर्ड. प्लायवूड घ्यावं असं मनात आलं होतं, पण बोर्डावर विनियर आरशासारखं बसते. मले चमकच पाहिजे होती.

पाहतो तर फळ्या मधातून वाकून राहिल्या, अन् पुस्तकं खाटेखाली पेटीत.

"माझंच चुकलं, भाऊ," ताई म्हणाल्या. "जास्तच भरली मी."

मी मान हलवली. खरंच, मान हलवली! वरून म्हणालो, "हो, थोडी कमी ठेवत जा."

मग हातातला चहा खाली ठेवला. पुस्तकांच्या कपाटात पुस्तकं ठेवू नका, असं कोणता सुतार सांगते? शेवटी बोललो, "ताई, दोष पुस्तकांचा नाही. आत भुशाचा बोर्ड हाये. त्याले वजन झेपत नाही."

त्या रागावल्या नाहीत. वाकलेल्या फळीवर हात ठेवून म्हणाल्या, "तेव्हाच सांगाचं होतं न, भाऊ. मी साधंच घेतलं असतं."

उद्या सागाच्या सलग फळ्या कापतो. त्या घेऊन दारात उभा राहिल्यावर बोलाचं काय, हेच सुचून नाही राहिलं.