पेट्यांना कानटोपी

वेरिबी (ऑस्ट्रेलिया), १८ एप्रिल १९९३

चि. हेमचंद्र यास श्यामलाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर माझा आवाज ऐकला की रिसीव्हर सुनीतीच्या हातात देऊन पळतोस, म्हणून हे पत्र. आता पळून दाखव. कारखान्याने घरी बसवल्यावर माणूस दुसरी नोकरी शोधतो. तू मधमाश्यांच्या तीन पेट्या आणल्यास. इंजिनीअर म्हणे! सुनीती सांगते, माश्यांनी इथला जून ते ऑगस्टचा हिवाळा काढला तर बॅलरॅटलाच राहून मधाचा धंदा करायचा, नाहीतर पुण्याला माधवच्या कारखान्यात रुजू व्हायचं, असं तू ठरवलं आहेस. संसाराचा निर्णय किड्यांवर सोपवणारा आपल्या घराण्यात तूच पहिला. माझं ऐक आणि आत्ताच जा. चुलतभाऊ झाला तरी माधव किती दिवस जागा अडवून ठेवेल? सुनीतीसारखी बायको डबल शिफ्ट करते आणि तू तोंडाला जाळी बांधून अंगणात बसतोस, हे शोभत नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवण्याच्या भानगडीत पडू नकोस.

तुझी ताई

बॅलरॅट, २ मे १९९३

ती. श्यामलाताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पेशंटशीही असंच बोलतेस का? मग ते बरे होतात ते तुझ्या धाकानेच.

तुला कळणार नाही, तरी सांगतो. पेट्यांत खाण्यापुरता मध ठेवला, रिकामे मजले उतरवले, उंदीर शिरू नयेत म्हणून दारं अरुंद केली. पुस्तकात लिहिलंय, झाकणाची भोकं उघडी ठेवा. लिहिणाऱ्याला आई नसावी. आपल्याकडे तापलेल्या पोराच्या कानालाही वारा लागू देत नाहीत, आणि इथला वारा तर हाडं फोडतो. मी भोकांवर टेप मारली, वरून प्लास्टिक आणि त्यावर आईच्या गोधड्या घट्ट बांधल्या. कानटोप्या घातलेली तीन पोरं बसल्यासारखी दिसतात. सुनीती हसली. तूही हसून घे.

राग धरलास तरी चालेल, पण लोभ सोडू नये.

हेमू

वेरिबी, १५ जून १९९३

चि. हेमचंद्र यास आशीर्वाद, मिळायची लायकी नसताना.

परवा तुझ्याकडे येऊन डोळ्यांनी पाहिलं. आईने स्वतःच्या लुगड्यांच्या शिवलेल्या गोधड्या किड्यांच्या अंगावर! कडेच्या पेटीवरची मी ओढून आणली, त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. सोबत प्लास्टिक आणि टेपही निघून आली, तर येवोत. व्हरांड्यातून तू ओरडलास ते शब्द मी लिहीत नाही, टपाल खातं बिचारं सभ्य आहे.

माधवला फोन केला. ऑक्टोबरपर्यंत थांबतो म्हणाला. तिकिटांचं बघ.

सुनीतीवर लोभ आहेच. तुझं पुढचं पुढे बघू.

ताई

बॅलरॅट, १२ सप्टेंबर १९९३

ती. ताईस सा. न. वि. वि.

आज ऊन पडलं म्हणून पेट्या उघडल्या. बांधलेल्या दोन्ही मेल्या. मध तसाच शिल्लक होता. माश्यांच्या श्वासाची वाफ बाहेर जायला मी भोकच ठेवलं नव्हतं. ती झाकणाला धरून हिवाळाभर त्यांच्या अंगावर ठिबकली. ओल्या, बुरशी आलेल्या माश्या मुठीमुठीने काढल्या. थंडीने नाही, मी मारल्या त्या. खूप वाईट वाटलं.

तू उघडी केलेली पेटी जगली आहे. तू गेल्यावर मी रागाने ती तशीच टाकली होती, मेली तर पाप तुझ्या माथी म्हणून. आता तिथल्या माश्या वॉटलच्या, म्हणजे इथल्या बाभळीच्या, फुलांवरून पिवळ्याधमक होऊन परततात. तुला हे श्रेय देताना हात जड होतो.

पण तीन पेट्यांतली एकच जगली. आता राहायचं की जायचं, मला कळत नाही. सुनीती म्हणते, ताईंना विचारा. विचारतो आहे. खोचक बोललीस तरी चालेल.

लोभ असेल तर खरं सांग.

हेमू

वेरिबी, १६ सप्टेंबर १९९३

चि. हेमू यास अनेक आशीर्वाद.

मूर्ख तो मूर्खच. जगलेल्या मोजायच्या सोडून मेलेल्या काय मोजतोस? तू येणार नाहीस असं माधवला आज सकाळीच कळवून टाकलं. तुला विचारलं नाही. तुला विचारून कधी काही धड झालं आहे?

जूनमध्ये तुझ्याकडून परतताना फ्रीवेवर गाडी बाजूला घेऊन रडले. तुला जा जा म्हणत होते, आणि तू खरंच गेलास तर माझं कसं होणार, ते त्या वेळी कळलं. इथे कुणाला चार शब्द सुनावले तर समोरचा ‘नो वरीज’ म्हणतो आणि हसून निघून जातो. मग मी भांडायचं कुणाशी?

तुझी ताई