कारबुरेटरखालचा पोळपाट

कोल्हापूर,
२२ एप्रिल १९५४

माझा पोळपाट करवतीनं कापून निम्मा मोटारीत घातलास आणि निम्मा माझ्या गळ्यात मारलास. पोळी लाटाया गेलं की पीठ एका बाजूनं भुईवर उतरतंय. शिसवीचा व्हता, माझ्या सासूच्या वेळचा. आधी हे ऐक, मग आशीर्वाद घे.

चि. आकाराम यास आजी चिमणाबाईचा आशीर्वाद. इकडं समदी खुशाल. म्हैस व्याली, रेडकू झालं. तुझा बा केरबा जेवतोय, आपल्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात जातोय. मामाकडं चंदगडला काजू खाऊन माजू नको.

गिऱ्हाइकांदेखत तुझ्या बानं तुला हाकललं ते मला पटलं न्हाई. पण बाळासोंसारख्या बड्या गिऱ्हाइकाच्या शर्यतीच्या मोटारीत लाकूड घालायचं, तर बाला आधी सांगायचं व्हतंस की. "इंजनात लाकूड? चूल हाय काय ही?" असं त्यानं विचारलं, तर तू म्हणालास, "तुम्हास्नी न्हाई कळायचं." बापाला असं म्हणतात व्हय रं? मला मातुर नीट समजावलंस. इंजनाचा ताप कारबुरेटरला लागला की पेट्रोल आतल्या आत उकळतंय, म्हणून दोघांच्या मधी फळी. तापली कढई आपण फडक्यानं धरतो, तसंच. मला कळलं. त्याला सांगितलं असतंस तर त्यालाबी कळलं असतं.

तू गेलास आणि त्यानं ती फळी उपसून भट्टीत टाकली. मग बाळासो मोटार घेऊन पन्हाळ्याचा चढ चढाया गेले, तर ती अर्ध्या वाटंत गचकं देऊन बसली. बैल जुंपून आणली. बाळासो म्हणाले, "केरबा, पोरानं केली तवा ही हरणागत पळत व्हती." तुझा बा बैल सोडाया गेला.

दुसऱ्या दिशी त्यानं गुमान आंब्याची फळी कापून बसवली. ओली व्हती, चिरली. इंजन फुसफुसाया लागलं. जाड घातली, तर बॉनेट बसंना. पातळ घातली, तर पुन्हा तापलं. तू गेल्यापासनं त्यानं कारखान्यात कुणाला शिवी दिली न्हाई. मिस्त्री घाबरलेत.

काल भाकरी मोडता मोडता मान खाली घालून विचारतोय, "आई, पोळपाट कशाचा व्हता गं? किती जाड फळी केलती त्यानं?"

मी म्हटलं, "मला काय ठावं? मी पोळ्या लाटणारी बाई."

उरलेला निम्मा पोळपाट मी कणगीत जोंधळ्याखाली पुरून ठेवलाय. त्याला देणार न्हाई. तू आलास तर तुझ्या हातात देईन, सगळा कापलास तरी बोलणार न्हाई. पोळ्या काय, परातीवर थापू.

शर्यत अक्षय तृतीयेला हाय. बाळासो तवर थांबतो म्हणालेत. तुझा बा थांबतो असं म्हणायचा न्हाई, पण रातच्याला दाराची कडी मलाच लावाया लागतीय, त्यो लावत न्हाई.

मला उत्तर धाडू नको. त्यानं काल विचारलं ते मला न्हवं, तुला. तवा उत्तर तूच द्यायचं, त्यालाच द्यायचं, आणि कागदावर न्हाई, तोंडानं.

चिमणाबाई