नीरजाचं बोलणं

९ सप्टेंबर, मंगळवार
आज आमच्या डेटा काढून द्यायच्या दुकानात अकरा फ्लॉप्या आल्या! मी आजवर एकही हातात धरलेली नव्हती. विनीत सर बोलले, "केत्या, तुझ्या जन्माआधीचा माल आहे, नीट धर."

घेऊन आल्या त्या हेमाकाकू. नौपाड्यातल्या, सत्तरीच्या पुढच्या. लिफ्ट बंद, तरी आमचे तीन मजले चढून आल्या. बिस्किटांचा डबा, वर रुमाल बांधलेला. दोन मिनिटं नुसता दम खात बसल्या, पण डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

फ्लॉप्या त्यांच्या मुलीच्या. नीरजा नाव. तेराव्या वर्षी आजारात तिची वाचा गेली. एक बोट तेवढं धड चालायचं. त्या बोटाने ती कॉम्प्युटरवर लिहायची, काकू वाचून तोंडाने उत्तर द्यायच्या. संध्याकाळी सगळं फ्लॉपीवर ठेवायचं. आठ वर्षं असं. २००३ ला ती गेली.

शेवटच्या दिवशी ती दुपारभर लिहीत बसलेली. घरात पाहुणे. काकूंनी न वाचताच ठेवून दिलं, उद्या वाचू म्हणून. पहाटे पोरीला हॉस्पिटलात नेलं ते नेलंच. नंतर वाचायची हिंमत नव्हती. हिंमत आली तेव्हा कॉम्प्युटर नव्हता.

"तेवढं एक काढून दे. बाकी गेलं तरी चालेल मला," म्हणाल्या. सरांच्या आधी मीच "देतो" बोललो. मला कोणी विचारलेलं?

१० सप्टेंबर
पहिली फ्लॉपी मी न बघता ड्राइव्हमध्ये घातली. खर्रर्र आवाज आला. बाहेर काढली तर आतल्या काळ्या तबकडीवर गोल चरे. वाट लागली. सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग दुसरीचा तोंडावरचा सरकता पत्रा सरकवून बघितलं. आत लाल. मला वाटलं गंज. सरांनी नखाने खरवडून वास घेतला — "कुंकू आहे हे."

सगळ्या उघडल्या. सगळ्यांत हळद-कुंकू, एकात तांदळाचा दाणा चिकटलेला. एक थर नाही, थरावर थर. दर दसऱ्याचा. सर म्हणाले पाटीपूजन करतात ना, सरस्वतीपुढे वह्या-पुस्तकं ठेवतात, तसं. मुलीचं बोलणं म्हणून ठेवलं असेल, आणि बोलणं आत असतं म्हणून पत्रा सरकवून आत बोट लावलं असेल.

आमच्याकडे होडीला लावतात, इंजिनाला पण लावतात. पण इंजिनाच्या आत कोण बोट घालत नाय.

११ सप्टेंबर
आयचा फोन आलेला दोनदा. उचलला नाही. तीच तीन वाक्यं असतात — जेवलास का, कधी येतोस, बापाशी बोल.

१५ सप्टेंबर, सोमवार
चार दिवस तेच काम. फ्लॉपीचं प्लास्टिकचं खोकं फोडायचं, तबकडी काढायची, कापसाने पुसायची, सुकवायची, नव्या खोक्यात घालायची. ओलं कुंकू वर्षानुवर्षं बसून तबकडीवरचा काळा थरच उठून आलाय, लिहिलेलं सगळं त्यातच असतं. पुसायला गेलं की कापसाला लालच्या जोडीला काळं पण लागतं. म्हणजे मी पुसतोय ते बोलणंच.

एका जागी इतकं मला बसवत नाही. घोडबंदर रोडला डिलिव्हरीचं काम मिळतंय. एवढं झालं की सोडणार. मागच्या पाच नोकऱ्यांना पण असंच बोललेलो.

१७ सप्टेंबर
एक निघाली!! सगळी नाही, पण दोन पानं भरतील एवढं. मी आठवी नापास, मला वाटलेलं इंग्रजी असेल, आपलं काय काम. पण ती आपण मोबाईलवर लिहितो तसं लिहायची, अक्षरं इंग्रजी आणि बोलणं मराठी. सरांच्या आधी मी वाचलं.

बाकीच्यांवर फाइलींची नावं तेवढी दिसतात, आत काही नाही. नाव म्हणजे तारीख. शेवटचं नाव २००२ च्या दिवाळीतलं. २००३ चं एकपण नाही. म्हणजे ती शेवटची दुपार या डब्यात नाहीच.

सर म्हणाले, काकूंना दोन्ही गोष्टी सांग, दुपार यात नाही ते आणि कुंकवाचं. "खरं सांग. पुढे तरी करणार नाहीत." सोपं आहे बोलायला.

२० सप्टेंबर, शनिवार
काकू आल्या. दोन पानं छापून दिली. चष्मा पुसला, परत पुसला. मग वाचायला लागल्या, मोठ्याने.

"आई भात गिळगिळीत झालाय," असं होतं. ते वाचलं आणि कागदाकडे बघतच म्हणाल्या, "मग खाऊ नकोस."

खाली होतं, "खाणार. पण सांगणार."

"सांग हो. गावभर सांग."

मला आधी कळलंच नाही काय चाललंय. फ्लॉपीवर एकटीचंच बोलणं ना! तिने लिहिलेलं, ह्यांनी तोंडाने बोललेलं. त्यांचं अर्धं कुठेच ठेवलेलं नाही. पण त्यांना सगळं पाठ. एक ओळ वाचायची, एक बोलायची. मुलीने लिहिलेलं, जोशीकाकूंना सांग मला ऐकू येतं, माझ्याशी किंचाळून बोलू नका. त्यावर काकू हसल्या. "सांगितलं गं. बहिरी तीच आहे." सर उठून बाहेर गेले.

दुसऱ्या पानाच्या खाली ओळ अर्धीच आहे — "आई तुला एक विचारू". पुढे गेलं. काकू तिथे थांबल्या. मग म्हणाल्या, "विचार ना."

दुपार सापडली नाही ते सांगितलं. मान हलवली. मग विचारलं, "मी इतकं जपलं रे. कशाने खराब झालं?"

आता बोलायचं होतं. त्यांची बोटं कागदावर, त्या अर्ध्या ओळीवर. ह्याच बोटांनी तुम्ही ते पुसलंत, असं कोण सांगेल? मी म्हटलं, बुरशी. ठाण्याची हवा दमट, सगळ्यांच्याच जातात. तुम्ही काहीच केलं नाहीत.

किती बरं वाटलं त्यांना! दिसलं तोंडावर. म्हणाल्या, बरं झालं बाबा, मला आपलं वाटत होतं माझंच काही चुकलं.

सरांना सांगितलं बुरशी बोललो म्हणून.

२१ सप्टेंबर
आयला फोन केला. तीच तीन वाक्यं. उत्तरं दिली, बापाशी पण बोललो. डांबरी रस्ता झालाय बंदरापर्यंत. बोंबील कमी आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार
काकूंचा फोन! आवाज पोरीसारखा. त्यांना आठवलं — कॉम्प्युटर डोंबिवलीला भावाकडे दिलेला, त्याच्या मुलाला, सलिलला, अभ्यासाला. सोबत दिलेल्या टेबलाच्या खणात आणखी एक डबा राहिलेला. सलिलला शोधायला लावलं. मिळाला! सात फ्लॉप्या, एकीवर शेवटच्या दिवसाची तारीख. बावीस वर्षं त्या खणाला कोणी हात लावलेला नाही.

त्या आजच डोंबिवलीला जाऊन आणणार. मी म्हटलं, उद्या घेऊन या. म्हणाल्या, उद्या घरी पाहुणे, परवा दसरा, त्यानंतर सलिललाच बरोबर घेऊन येते. ठीक म्हटलं. सर बोलले, हात लागला नसेल तर नव्वद टक्के निघेल.

डिलिव्हरीवाल्याला नको म्हणून सांगितलं. राहतो इथेच. ही दुपार मला माझ्या हाताने काढायची आहे.

२ ऑक्टोबर, दसरा
सुट्टी. नवीन शर्ट घेतला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
सात फ्लॉप्या. पांढरी स्टिकरं अजून नव्यासारखी. आणि पत्रा सरकवला तर सातहीमध्ये कुंकू. ओलं. काल त्यांनी पूजा केली. शेवटच्या दुपारच्या फ्लॉपीत सगळ्यात जास्त.

पूजा झाल्यावर सलिलने हौसेने ड्राइव्ह मागवलेला तो लावला आणि एकेक फिरवून बघितली. सगळ्या खरखरल्या, म्हणाला. सातही तबकड्यांवर तेच गोल चरे.

काकू म्हणाल्या, "ह्यांच्यातही बुरशीच निघाली का रे, केतन?"

मी हो म्हटलं.