दारातलं लाल कापड

सावाई बेट, २ डिसेंबर २०१९

ति. लोसा आत्यास फुआतिनोचा सा. न. वि. वि.

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. पलीकडच्या घरातली गोवरानं गेलेली पोर काल पुरली. आणि गुरुवारी लस घेऊन गाड्या येणार. ज्या घरात कुणी टोचायचं राहिलंय, त्यांनी दारात लाल कापड बांधायचं म्हणे. आमचा इओआने चार वर्षांचा, त्याला मी टोचलंच नाही. मागच्या साली सुई दिल्यावर दोन तान्ही बाळं गेली ना, तेव्हापासून नर्सबाई दिसली की पोराला घेऊन केळीत लपते. सासूबाई म्हणतात, सुईला एवढी भितेस, मग दोन बाळंतपणं काय झोपेत केलीस? लेइलुआ चार महिन्यांची झाली, गुटगुटीत आहे. काय करू?

लोभ आहेच, तो राहू दे.
तुझी फुआतिनो

आपिया, ४ डिसेंबर

चि. फुआतिनोस अनेक आशीर्वाद.

बोटीवरच्या माणसाकडे घाईत देतेय. ती बाळं लसीनं गेली नाहीत. लसीची पूड पाण्यात कालवतात, तिथं चुकून दुसरंच औषध पडलं. लस म्हणजे गोवराचा मरतुकडा जंतू. अंग त्याच्याशी झटापट करतं, ओळख ठेवतं, खरा आला की हाणतं. पण तयारीला दहा-बारा दिवस जातात. लेइलुआ लहान, तिला टोचत नाहीत. भोवतीची टोचलेली माणसं हेच तिचं कुंपण, आणि त्यातलं भगदाड तुझा इओआने, बाई! घरात गोवर निघालाच तर तिला लगेच इस्पितळात ने. गोवर होऊन गेलेल्यांच्या रक्तातली तयार ताकद टोचतात, पण आजाऱ्याजवळ आल्यापासून सहा दिवसांच्या आत. भी हवं तेवढं, पण कापड बांध. केळीत दिसलीस तर कान धरून बाहेर काढीन.

तुझी काळजी करणारी,
आत्या

६ डिसेंबर

जो कोणी वाचेल त्यास नमस्कार.

काल कापड बांधलं. गाडी वळणावर दिसली तशी सोडून घेतलं. गाडी पुढं गेली. आज इओआने तापलाय, कानामागून पुरळ उतरतंय. नवरा न्यूझीलंडला फळं तोडायला गेलाय. माझ्या फोनमध्ये पैसे नाहीत, लसीपायी सरकारनं दुकानं बंद ठेवलीत. जवळच्या घरी पंधरा दिवसांचं बाळ आहे, त्यांच्या दारात हा आजार घेऊन मी जाणार नाही. म्हणून कापड परत बांधून त्याला ही चिठ्ठी टाचली. तुम्हीही आत येऊ नका. लेइलुआ अजून हसतेय. तिला इस्पितळात ती तयार ताकदीची सुई मिळायला हवी, दिवस थोडे आहेत. माझा भाऊ पेनिआमिना पुढच्या गावात असतो, त्याच्याकडे गाडी आहे. नंबर मागं लिहिलाय. एवढी माया करा, त्याला फोन लावा.

फुआतिनो