तिजानीमामांच्या तेलाचा ठसका

आदरणीय मब्रूकामामी,

स्फाक्सहून तुमच्या भाच्याचा, मुन्सिफचा, सलाम. गुडघे काय म्हणतात? शेळी दूध देते का? (मी आधी शेळीचंच विचारणार होतो, पण बायको शेजारी बसली आहे.) इकडे सगळे मजेत, म्हणजे मला वगळून.

तिजानीमामा गेले आणि त्यांच्या हातच्या जैतुनाच्या तेलाचा शेवटचा बुधला तुम्ही माझ्या हवाली केलात. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तुम्हाला तेच तेल हवं, आणि ते पडलं खवट. "तेलाच्या प्रयोगशाळेत पगार खातोस ना? मग दाखव काय शिकलास ते!" हे तुमचं बोलणं मला झोंबलं. उपाय तसा साधा. ग्लिसरीनच्या पाण्यात तेलाचे बारीक थेंब उधळायचे, ते पुन्हा गळ्यात गळे घालू नयेत म्हणून प्रत्येकाभोवती बारीक पुडीचं कवच बसवायचं, आणि मग एन्झाइम खवट आम्लाची ग्लिसरीनशी गाठ मारून देतं, की खवटपणा गेला.

नेमकी पूडच संपली होती. मामा जेवताना जैतुनाच्या बिया थुंकून शेगडीसाठी साठवायचे, त्यांचं पोतं तुम्ही मला जळणाला दिलं होतं. मी त्या बियाच दळल्या. (मामांच्या तोंडातलं काही वापरण्याआधी विचार करायला हवा होता. ते जिवंत असताना तरी आपण करायचो.)

मिश्रण दुधासारखं झालं. ढवळणी बंद केली तरी ते फिरतच राहिलं, मध्येच थांबून, दम खाऊन. आच नव्हती तरी भांडं माणसाच्या अंगाइतकं कोमट. आमच्या प्रयोगशाळेतली हबीबा म्हणाली, "अरे, हे खोकतंय!" मी हसलो. मग मलाही ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशी तेल वेगळं केलं. सोन्यासारखं, निर्दोष. पण मामी, घशाला बसणारा मामांचा तो ठसका गेला. मला रडू आलं. बुधला बसने पाठवतो आहे, रागवू नका.

तुमचा मुन्सिफ

ता. क. भांड्यात राहिलेला साका फेकवेना. आपल्यात तेलाचं भांडं भाकरीने पुसल्याशिवाय धुतं कोण? पुसून खाल्लं. ठसका सगळा तिथेच होता.

ता. क. दुसरा. तेव्हापासून मी घरात खेकसतो. बायको म्हणते, आवाज मामांचा आहे. ते फक्त तुम्हाला भ्यायचे, म्हणून खरी विनंती एवढीच, की चार दिवस येऊन त्यांना दटावून जा.

ता. क. तिसरा. मब्रूका, त्या गाढवाचं ऐकून इकडे येऊ नकोस. बुधला घेऊन मीच निघालो आहे. आणि मागचं दार उघडं टाकून वाचत काय बसलीस? राहू दे आता तसंच.