बटणाचा सोफा

५ मे २००१, शनिवार
सजवलेल्या व्हॅनचा जमाना संपला म्हणतात. म्हणोत बापडे. लोकांना आता डोंगर चढणाऱ्या चौकोनी गाड्या हव्यात. आमच्या इंडियानात डोंगर कुठाय? खूळ आहे, उन्हाळ्याबरोबर उतरेल. आज माझ्या व्हॅन सजवायच्या शेडमध्ये एकही गिऱ्हाईक नाही. शनिवारी लोक अंगणातलं गवत कापतात.

९ मे
भागीदार ड्वेन सोडून गेला. बोटींच्या सीटा शिवणार म्हणे. मी म्हटलं, पळपुट्या! तर म्हणतो, वर्न, अरे जांभळी मखमल आता म्हाताऱ्यासुद्धा घेत नाहीत. त्याला सौंदर्यदृष्टी कधी नव्हतीच. जाताना शिवणयंत्र घेऊन गेला. बरं झालं, शेडमध्ये जागा झाली.

२० मे
ग्रेटाचं लग्न पुढच्या महिन्यात. एकुलती एक मुलगी. ठरलं! नवरी माझ्या स्वतःच्या व्हॅनमधून चर्चला जाणार. उंच टप, छताला जांभळे दिवे, आरामखुर्च्या, मागे बटण दाबलं की पलंग होणारा सोफा, बाहेर पत्र्यावर रंगवलेलं सूर्यास्तातलं हरीण. गावाला दिसू दे. वऱ्हाडातून दोन-तीन ऑर्डरी सहज मिळतील.
ग्रेटाला सांगितलं. ती उठून भांडी घासायला गेली. फार भरून आलं असणार. लोरीन म्हणाली, भरून नाही आलं तिला. आमची बायको पहिल्यापासून रूक्ष.

१५ जून, शुक्रवार
चर्चमध्ये उद्याच्या लग्नाची तालीम. व्याही शिकागोहून आलेले, त्यांना हॉटेलवरून आणायला मी जातीने गेलो. ग्रेटा पुढे. विहीणबाईंना मागे सोफ्यावर बसवलं, म्हटलं आता गंमत बघा, आणि बटण दाबलं. सोफा झकास पसरला. परत उठेना. बाई आडव्या, केस पडद्यात अडकलेले. म्हटलं पडून राहा, आरामाचंच आहे. चर्चपाशी पाद्रीबाबांनी दार सरकवलं, तर जांभळ्या उजेडात विहीणबाई! बाबांनी घाबरून विचारलं, कुणी आजारी आहे का? सगळे हसले. मीही हसलो. फ्यूजचा दोष, डिझाइनचा नाही.

ग्रेटा हसली नाही. पुढच्या खुर्चीत पार खाली घसरून बसली होती, खिडकीतून डोकंही दिसू नये अशी. लोरीनला बाजूला घेऊन विचारलं, हिला झालं काय? ती म्हणाली, शाळेत सोडायचास तेव्हापासून ती अशीच बसते, वर्न. तुला आज दिसलं.

मला वाटायचं, माझी खुर्चीच तेवढी आरामशीर आहे. गिऱ्हाइकांना सांगायचोसुद्धा, माझी पोरगी बघा कशी रेलून बसते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणानंतर ग्रेटा आली. म्हणाली, पप्पा, उद्या मी दिरांच्या गाडीतून गेले तर चालेल? चालेल म्हटलं. न चालायला काय झालं?

१६ जून
लग्न झालं.
लोरीन पाहुण्यांबरोबर पुढे गेली. मी व्हॅन शेडमध्ये लावली, कुलूप घातलं आणि नवे बूट चावत असताना चर्चपर्यंत चालत गेलो. वाटेत ओळखीच्यांनी गाड्या थांबवल्या. सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.
ग्रेटा दारात थांबली होती, माझा हात धरून आत जायला. मला बघून तिने आधी माझ्या मागे पार्किंगमध्ये नजर टाकली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतलं. मग हसली.