बॅजवरची आडवी रेघ

रविवार संध्याकाळ, लेस्टर

बॅज अजून कार्डिगनवरच आहे. आज मंडळाच्या पाडव्याला गेले, तर या वर्षी बॅज लिहिणाऱ्या संजीवनीनं तो दारातच हातात ठेवला. माझं नाव, आणि खाली 'ब्रिटिश-मराठी'. बाकी सगळ्यांच्या बॅजवर नुसती नावं. मी कॉव्हेंट्रीत जन्मले म्हणून मला ही रेघ?

तिला बाजूला घेऊन विचारलं. म्हणाली, "अगं, रागावू नकोस. नवीन आलेली मंडळी तुझ्याशी जरा सोपं मराठी बोलतील, म्हणून."

तसंच झालं. नुकत्याच नागपूरहून आलेल्या एका बाईंनी बॅज वाचला आणि एकेक शब्द सुटा करत मला सांगितलं, "ही पुरणपोळी. आत गोड असतं." त्या पोळ्या मी काल दिवसभर लाटल्या होत्या. आणि मी काय म्हटलं, तर 'थँक यू'. का म्हटलं?

हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'ब्रिटिश-इंडियन'वर टिक करताना मला कधी काही वाटलं नाही. ते लोक परके, विचारणारच. पण संजीवनी? पुण्याहून आली तेव्हा तीन महिने आमच्या घरी राहिली. लहानपणी आई माझ्याकडून रोज एक पान मराठीत लिहून घ्यायची, हे तिला माहीत आहे. आजही त्याच सवयीनं लिहितेय.

ती आली त्या वर्षी पाडव्याचे बॅज मी लिहिले होते. मंडळात तिला कुणीच ओळखत नव्हतं. तिच्या बॅजवर मी फक्त 'संजीवनी' लिहिलं, आणि हॉलभर सांगत फिरले, ही आपल्यातलीच आहे.